गेटच्या आत, गेटच्या बाहेर

आपल्या हॉस्टेलवर 'गेट' म्हटलं की दोनच गोष्टी डोळ्यांसमोर येतात. एक म्हणजे फायनल इयरची झोप उडवणारी ती परीक्षा. दुसरं म्हणजे लेडीज हॉस्टेलचं लोखंडी गेट, जे रात्री साडेआठला बंद होतं आणि आठ एकतीसला रेक्टर मॅडम रजिस्टर घेऊन तिथे उभ्या असतात! मला आज तिसऱ्याच एका गेटबद्दल लिहायचं आहे. संपादक मंडळाने "मराठी विभागासाठी काहीतरी हलकंफुलकं दे" असं सांगितलं होतं. ते काही जमलेलं नाही, त्यांनी समजून घ्यावं.

तर झालं असं, की थर्ड इयरला आपल्याला इंडस्ट्रियल मॅनेजमेंट नावाचा विषय आहे. परीक्षेच्या आदल्या रात्री झेरॉक्सवरून वाचायचा आणि पेपर संपल्यावर विसरायचा असा. त्यात एक चॅप्टर कामगार आणि मालक यांच्या संबंधांवर आहे. स्ट्राइक, लॉकआउट, ले-ऑफ, पिकेटिंग... प्रत्येकी चार मार्कांच्या व्याख्या. पिकेट लाइन म्हणजे संपावरचे कामगार कारखान्याच्या दाराशी जी फळी धरून उभे राहतात ती, आणि ती ओलांडून कामावर जाणं म्हणजे संप मोडणं. मी दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये. सिस्टर्सनी शेक्सपिअर शिकवला, टेबल मॅनर्स शिकवले, पण याला मराठीत काय म्हणतात हा प्रश्न तिथे कधी पडला नाही. दिवाळीला गावी गेले तेव्हा आबांना विचारलं. आबा म्हणजे माझे आजोबा. मुंबईत सोळा वर्षं गिरणीत साचा खात्यात होते. ते जरा थांबून म्हणाले, "लाइन कसली गं? आमी गेट म्हनायचो. गेटवर हाय का आत गेला, येवढंच इचारायचं."

एवढंच! मला वाटलं चार मार्कांचं उत्तर मिळालं. पण ओसरीच्या दुसऱ्या टोकाला नाना बसले होते. नाना हे आबांचे धाकटे भाऊ. ते उठले आणि गोठ्याकडे निघून गेले. वैरण तर तासाभरापूर्वीच टाकली होती. मग त्या सुट्टीत मी दोघांच्या मागे लागले. दोघांनीही सांगितलं, पण वेगवेगळं बसवून. एकाचं सांगून झालं की दुसऱ्याचं.

आधी थोडी पार्श्वभूमी सांगते, कारण आपल्या पिढीला 'गिरणी' म्हणजे पिठाची किंवा मॉलमध्ये रूपांतर झालेली एवढंच माहीत. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईतल्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला. साठाहून जास्त गिरण्या आणि सुमारे अडीच लाख कामगार. नेते डॉ. दत्ता सामंत. हे खरोखरचे डॉक्टर होते, घाटकोपरला प्रॅक्टिस करायचे आणि तिथल्या खाणकामगारांच्या प्रश्नांतून युनियनमध्ये आले. गिरणी कामगार स्वतःहून त्यांच्या दारात गेले, कारण १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याप्रमाणे गिरण्यांत मान्यता एकाच युनियनला, राष्ट्रीय मिल मजदूर संघाला, आणि तिच्यावरचा लोकांचा विश्वास उडाला होता. मागण्या होत्या पगारवाढीच्या, हा कायदा रद्द करण्याच्या, आणि बदली कामगारांना कायम करा ही एक. या शेवटच्या मागणीकडे लक्ष ठेवा, पुढे लागणार आहे.

आबा कायम कामगार होते. नाना बदली. बदली म्हणजे काय हे मला नानांनी समजावलं. रोज पाळीच्या वेळेला गिरणीच्या गेटवर जाऊन उभं राहायचं. कायम माणूस आला नाही, आजारी पडला, गावाला गेला, की त्याच्या जागेवर त्या दिवसापुरतं काम. सगळे हजर असले तर भोंगा झाल्यावर परत खोलीवर. महिन्यात कधी पंधरा दिवस भरायचे, कधी आठ. नाना हसून म्हणाले, "आमी रोज द्येवाला म्हनायचो, कुनाला तरी ताप येऊ दे." तेवीस वर्षांचे होते. म्हणजे माझ्यापेक्षा फक्त तीन वर्षांनी मोठे.

दोघे भाऊ लालबागला गावकीच्या खोलीत राहायचे. दहा बाय बाराची खोली, तिच्यात आमच्या गावचे अठरा जण. पाळीप्रमाणे झोपायचं, जेवायला खानावळ, आणि प्रत्येकाची भिंतीकडेला एक ट्रंक. (आपल्या ट्रिपल सीटर रूमबद्दल रेक्टरना अर्ज देणाऱ्यांनी नोंद घ्यावी.) बायकामुलं गावाला, सातारा जिल्ह्यात. आमची जमीन डोंगरउताराची, नाचणी आणि थोडा भात. घर चालायचं ते मुंबईच्या मनीऑर्डरवर.

संप सुरू झाला तेव्हा कुणालाच वाटलं नव्हतं की तो वर्षभर चालेल. आबांनी १९७४ चा संप पाहिला होता, तो ४२ दिवसांत मिटला. त्यांचा हिशोब होता दोन महिन्यांचा. "शिमग्याला कामावर," असं ते सगळ्यांना सांगत फिरत होते. खोल्याखोल्यांतून लोकांना समजावून बाहेर काढण्याच्या कामात आबा पुढे होते आणि त्याचा अभिमान त्यांच्या बोलण्यात आजही दिसतो. शिमगा गेला, पाडवा गेला, पाऊस सुरू झाला. बरेचसे लोक गावी परतले. मालकांच्या गोदामात न खपलेलं कापड पडून होतं, त्यांना सुरुवातीचे काही महिने संप परवडतच होता. हे मी नंतर वाचलं. आबांना ते तेव्हा माहीत नव्हतं. गेटवर उभं राहून गोदाम कसं दिसणार?

इथे मला आपल्या मास बंकची आठवण येते. रागावू नका. मागच्या सेममध्ये आपल्या एका बॅचने मास बंक केला आणि एक मुलगी वर्गात जाऊन बसली. तिची अटेंडन्स पंच्याहत्तर टक्क्यांखाली जात होती आणि तिची फी स्कॉलरशिपवर होती. त्यानंतर महिनाभर मेसमध्ये तिच्या टेबलावर कुणी बसत नव्हतं. 'फुटली' हा शब्द मी तिच्याबद्दल पहिल्यांदा ऐकला. आबांच्या तोंडून नानांबद्दल तोच शब्द ऐकला तेव्हा दचकले. "धाकटा फुटला." चव्वेचाळीस वर्षांत शब्द बदललेला नाही. बाकी तुलना इथेच संपते, कारण मास बंकने आपलं कुणाचं काही जात नाही, गेलंच तर सरांचा एक तास जातो.

श्रावणात नानांना मुलगी झाली. दिवाळीला ते गावी आले आणि तेव्हा तिला पहिल्यांदा पाहिलं. घरात खाणारी तोंडं नऊ, आणि दहा महिने मुंबईहून पैसा नाही. वाण्याने उधारी बंद केली होती. पणजीने बांधावरचं आंब्याचं झाड लाकडासाठी विकलं होतं. नाना म्हणाले, "त्ये झाड नव्हतं बघ, आनि मला आंगन वळखंना." तेवढ्यात मुंबईहून निरोप आला. साचा खात्यातल्या एका जॉबरने गावच्या माणसाकडून कळवलं होतं की आत ये, तुला कायम करून घेतो.

आता सांगितलं होतं ती मागणी आठवा. बदल्यांना कायम करा म्हणून संप, आणि बदली कायम होणार तो संप मोडला तर! हे ऐकून मला हसू आलं होतं. नाना हसले नाहीत. ते म्हणाले की आबांकडे सोळा वर्षांची नोकरी होती, तिचा फंड होता, ग्रॅच्युइटी होती. संप जिंकला काय नि हरला काय, आबांचा काहीतरी हिशोब निघणार होता. बदलीचा कसला हिशोब? त्याचं नाव कुठे लिहिलेलंच नव्हतं. मग मी विचारलं, निरोप आल्यावर तुम्ही लगेच ठरवलंत का? तर नाही. आठ दिवस ते रोज शेताच्या बांधावर जाऊन बसायचे. बायकोला बोलले नाहीत, आईला बोलले नाहीत. बोलायचं असतं ते दादालाच, आणि दादा मुंबईत गेटवर.

मुंबईला आल्यावर ते खोलीवर गेलेच नाहीत. पहाटे चारला एका ट्रकमधून, वर ताडपत्री, पुढे पोलिसांची गाडी, असे बारा-पंधरा जण गिरणीच्या मागच्या गेटने आत गेले. त्या दिवशी आबांची पाळी पुढच्या गेटवर होती. हे नानांना माहीत होतं. मी जरा फटकळपणेच विचारलं, "म्हणजे लपून गेलात?" नाना म्हणाले, "पुढनं गेलो असतो तर दादाला मला अडवायला लागलं असतं. न्हाईतर सोडायला लागलं असतं. चार लोकांत भावाला अडवायचं का सोडायचं, दोन्हीत त्येचंच वाटोळं. म्हनून मागनं." पहिले पंधरा दिवस ते गिरणीच्या आतच राहिले. खात्यात कापडाच्या गाठींवर झोपायचे. बाहेरून घोषणा ऐकू यायच्या. त्यात एक आवाज दादाचा आहे असं त्यांना वाटायचं. तो होता की नाही, हे त्यांनी आजवर आबांना विचारलेलं नाही.

बातमी खोलीवर त्याच दिवशी पोचली. खोलीत बैठक बसली. आत गेलेल्यांच्या घरी बांगड्यांचा आहेर पाठवायची टूम तेव्हा होती, तशी सूचना कुणीतरी केली. (बांगड्या हा अपमान का, हे मला कुणी समजावून सांगेल का? दहा महिने ते घर ओढलं ते बांगड्या भरलेल्या तीन बायकांनी.) आबांनी बांगड्या पाठवू दिल्या नाहीत. पण नानांची ट्रंक उचलून गॅलरीत ठेवली. हे मला आबांनीच सांगितलं, आजीने नाही. "मीच ठिवली भाईर. दुसऱ्या कुनी हात लावला असता तर खाली फेकली असती."

मग आबांना विचारलं, तुम्हाला कधी आत जावंसं वाटलं नाही? घरी तीन मुलं होती तुमची. (त्यातले एक माझे बाबा, तेव्हा सात वर्षांचे.) ते बराच वेळ सुपारी कातरत राहिले. म्हणाले, "वाटलं. रोज वाटलं. पर जानेवारीत ज्येंना हाताला धरून भाईर काढलं, त्येंच्या म्होरनं आत कसा जाऊ? त्येंनी इचारलं असतं, आरं मग आमाला कशापाय काढलंस?" यात डॉक्टर सामंत नव्हते, मागण्या नव्हत्या, कायदा नव्हता. त्यांच्या खात्यातली दहा-बारा माणसं होती, बस्स.

आतापर्यंत गोष्ट सोपी आहे असं वाटत असेल. एक निष्ठावान, एक फुटलेला. मलाही तसंच वाटत होतं. पण भिवंडी राहिली.

डिसेंबरपासून आबा भिवंडीला यंत्रमागावर जायला लागले. बारा तासांची पाळी, मीटरवर पैसे, झोपायला मागांच्या मधली जागा. अनेक संपकरी तेव्हा तिथे काम करत होते. आणि गिरणी मालक त्याच काळात भिवंडीसारख्या ठिकाणांहून कोरं कापड विणून घेत होते. ते गिरणीत जाऊन रंगायचं, त्यावर गिरणीचा शिक्का बसायचा आणि बाजारात यायचं. म्हणजे ज्या मालकाच्या गेटमधून आत जायचं नाही म्हणून आबांनी भावाची ट्रंक बाहेर ठेवली, त्याचंच कापड ते भिवंडीत विणत होते का? शक्य आहे. कोऱ्या कापडावर नाव नसतं. मी टेक्सटाइलच्या मैत्रिणीकडून ही सगळी साखळी समजून घेतली आणि आबांना कागदावर काढून दाखवली. त्यांना ती चांगलीच माहीत होती. "गेट न्हवतं तिथं," एवढंच म्हणाले. नानांनी मात्र हे एकदा, १९८५ च्या सुमारास, भर जत्रेत त्यांच्या तोंडावर मारलं होतं. त्यानंतर दोघांत सहा वर्षं बोलणं नव्हतं. म्हणजे संपाने जेवढं तोडलं नाही तेवढं या एका वाक्याने तोडलं.

आणि मनीऑर्डर. आत गेल्यापासून नाना दर महिन्याला दीडशे रुपये पणजीच्या नावाने पाठवत. चूल एकच होती, त्यामुळे ते पैसे आबांच्या मुलांच्याही पोटात गेले. आबांना आजीने काही सांगितलं नव्हतं. १९८३ च्या शिमग्याला आबा गावी आले होते, ओसरीवर भाकरी खात बसले होते, आणि पोस्टमन आला. पणजीला वाचता येत नव्हतं, म्हणून तो नेहमीप्रमाणे मोठ्याने पाठवणाऱ्याचं नाव वाचून अंगठा घ्यायला लागला. आजी सांगते की तिने श्वास रोखून धरला होता. आबा ताटावरून उठले, हात धुतला आणि मागल्या दाराने शेतात गेले. दुपारी परत आले. उरलेली अर्धी भाकरी मागून घेतली आणि खाल्ली. त्या विषयावर त्या दिवशी नाही, नंतर नाही, कधीच बोलले नाहीत.

या दोघांचं ऐकून झाल्यावर मी लायब्ररीत जे मिळेल ते वाचलं. मला सगळ्यात जास्त खटकली ती गोष्ट अशी, की हा संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. १९८३ मध्ये केंद्र सरकारने १३ गिरण्यांचं व्यवस्थापन ताब्यात घेतलं, कामगार थोडे थोडे करून परत गेले, हजारोंना परत घेतलंच नाही. पण 'संप संपला' असं कुणी जाहीर केलं नाही. त्यामुळे झालं काय, की संप कधी संपला हे एकेका माणसाने गेटवर उभं राहून स्वतःपुरतं ठरवायचं. नानांपुरता तो नोव्हेंबर १९८२ मध्ये संपला. आबा १९८३ च्या पावसाळ्यानंतर गिरणीत गेले, तेव्हा त्यांचं नाव मस्टरवर नव्हतं. जो आधी आत गेला तो फुटीर, जो शेवटी गेला तो मूर्ख. अडीच लाख माणसांना बाहेर काढताना एक तारीख देता येते, तर परत न्यायचा रस्ता कुणी आखून ठेवायला नको होता का? हे मी आबांसमोर बोलले आणि आबा चिडले. सामंतांविरुद्ध ते एक शब्द ऐकून घेत नाहीत. १६ जानेवारी १९९७ ला पवईत डॉक्टरांचा खून झाला, त्या दिवशी आमच्या घरी चूल पेटली नव्हती. नानाही जेवले नव्हते, हे आजीने मुद्दाम सांगितलं.

आबांनी पुढे गावी शेती केली. नाना कायम झाले, पण नव्वदच्या दशकात त्यांची गिरणी बंद पडली आणि ते ट्रंक घेऊन परत आले. तीच ट्रंक. देणी मिळायला बरीच वर्षं गेली.

गिरणी कामगारांना घरं द्यायची योजना निघाली तेव्हा बाबांनी दोघांचे फॉर्म भरले. पात्रतेची अट अशी, की कामगार १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर गिरणीत कामावर असला पाहिजे. गेटच्या आत होता की बाहेर, हे कुणी विचारत नाही! २०१२ मध्ये पहिली सोडत निघाली, ६,९२५ घरांची. दोघांचेही नंबर लागले नाहीत, पुढेही नाहीत. आबांचा पुरावा म्हणजे जानेवारी १९८२ ची पगाराची पावती, सतरा दिवसांची. नानांचा पुरावा त्याच वर्षाच्या डिसेंबरचा. दोन्ही कागद आजीने एकाच प्लास्टिकच्या पिशवीत, रेशनकार्डाबरोबर ठेवले आहेत.

सुट्टीच्या शेवटच्या दिवशी संध्याकाळी दोघे ओसरीवर बसले होते. मी नानांना विचारलं, पुन्हा तसाच संप झाला, तुम्ही पुन्हा तेवीस वर्षांचे झालात, तर काय कराल?

नाना म्हणाले, "दादा गेटवर असंल का?"

"असतील."

"मग मागल्या गेटनं."

आबा शेजारीच होते. त्यांना हल्ली कमी ऐकू येतं, असं ते सांगतात.